आवाजांची वही

छापलेला कागद कोणाच्या एकट्याच्या बापाचा नसतो, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि नशीब म्हणा की भोग म्हणा, तो स्टाफरूममध्ये वीस वर्षं माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसला. ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. कॉलेजातल्या कोणालाही त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. ज्याचा जो विषय तेच त्याचं नाव. त्यामुळे मी 'मराठी', इंग्रजीच्या बाई 'इंग्रजी', आणि प्राचार्य मूळचे कॉमर्सचे म्हणून प्राचार्य झाल्यावरही 'कॉमर्स'. मीही इथं त्यांना नुसतं भूगोलाचे सर म्हणणार आहे. त्यांचं नाव लिहिलं तर ते वाचून त्यांना आनंदच होईल, पण मला अपराध्यासारखं वाटेल. का ते पुढं येईलच.

एसटीत शेजारच्या माणसानं पेपर उघडला की सर हक्कानं त्यात मान घालायचे. एकदा निलंग्याच्या गाडीत एकानं वैतागून पान उलटलं, तर सर म्हणाले, थांबा हो, माझं अजून खालचं राहिलंय. त्या बिचाऱ्यानं पान पुन्हा मागं घेतलं. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भजी घेतली की आधी भज्यांचा कागद वाचायचे. एकदा त्या कागदावर कुठल्याशा जुन्या मासिकातला निम्मा लेख निघाला, विहिरींच्या पाण्यावरचा. सर तेल ठिबकणारा कागद हातात धरून गाड्यावर परत गेले आणि उरलेला निम्मा लेख कोणाच्या कांदाभज्यांबरोबर गेला याची चौकशी करू लागले. भजीवाल्यानं हात जोडून अख्खी रद्दी त्यांच्या हवाली केली. ती रद्दी पुढं दोन वर्षं आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर होती आणि तिचा वास अजून माझ्या नाकात आहे.

कॉलेजच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथांचं काचेचं कपाट होतं. त्याला कायम कुलूप, कारण पुस्तकं महाग आणि तपासणीच्या समितीला ती नवीकोरी दाखवायची असत. सरांनी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा किल्ली सापडली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून स्क्रूड्रायव्हर आणला, कपाटाच्या बिजागऱ्या खोलून दार बाजूला ठेवलं, चार मुलांना आत काय काय आहे ते दाखवलं आणि दार पुन्हा जिथल्या तिथं बसवलं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "कुलूप जसंच्या तसं हाय बघा, कॉमर्स. कुलपाला मी बोट लावलं असंल तर सांगा." त्यावर काय कारवाई करायची हे नियमात कुठंच नव्हतं, त्यामुळे ती झाली नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि आम्ही ते तसंच नेलं. पण त्यामागचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा सर नुकतेच नोकरीला लागले होते. किल्लारीच्या बाजूच्या गावांत ते महिनोन्‌महिने राहिले. तिथं काय केलं असं विचारलं तर 'दगड उचलले' एवढंच सांगतात. नंतर तिथं अभ्यासकांची रीघ लागली. कोणी यंत्रं घेऊन आले, कोणी छापील तक्ते. घर किती खणांचं होतं, भिंत किती जाड होती, आवाज कधी आला, कोण कोण गेलं, हे लोकांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. विचारणारे सगळे भले लोक होते. लोकांनीही सगळं सांगितलं, घरात असेल ते खाऊ घातलं, आणि पाहुणे गेले. त्यांनी पुढं काय लिहिलं, ते कुठं छापलं, यातलं एक अक्षर त्या गावांत परत आलं नाही. सर सांगतात, एक म्हातारा त्यांना म्हणाला होता की आमचं मढं कोणत्या भिंतीखाली होतं ते साऱ्या जगाला मालूम हाय, फक्त आमाला वाचून दाखवणारं कोणी न्हाई.

तेव्हापासून सरांनी वही घातली. भूकंपानंतरही त्या भागात जमिनीतून गूढ आवाज यायचे, अजूनही अधूनमधून येतात. गडगड होते, भांडी वाजतात, लोक घराबाहेर पळतात आणि थोड्या वेळानं काहीच झालं नाही म्हणून परत आत जातात. सरांनी गावोगाव सांगून ठेवलं की आवाज आला की मला कळवा. आधी पत्रं येत, मग एसटीडीवरून निरोप, मग मोबाइल. सर चार प्रश्न विचारायचे: किती वाजता, कुठल्या बाजूनं, कानाला जाणवला की पायाला, आणि कुत्री भुंकली का. उत्तरं लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत उतरायची. चालू तासाला फोन आला की तास थांबायचा. एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याच्या ऐन वेळी त्यांचा फोन वाजला आणि साऱ्या शांततेत सरांचा आवाज घुमला, "कानाला का पायाला?" गेलेल्या गृहस्थांच्या मुलालाही हसू आवरलं नाही. ट्रॅक्टर, खडी क्रशर, लग्नातला डीजे, सगळ्यांचे फोन यायचे. एका बाईनं नवऱ्याच्या घोरण्यानं ताटली पडल्याचं कळवलं. सरांनी तेही उतरवून घेतलं आणि शेरा मारला, 'कारण: घरगुती'. लातूरच्या डाळ मिलची घरघर आणि जमिनीची घरघर यातला फरक ते आम्हाला तोंडानं काढून दाखवायचे. आम्हाला दोन्ही सारख्याच वाटायच्या.

वहीचा एक नियम होता, आणि तो सरांनी जिवापाड पाळला. दर चैत्रात ते त्या गावांत जायचे, देवळाच्या पारावर बसायचे आणि त्या गावानं वर्षभरात जे सांगितलं ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. तारीख, वेळ, सांगणाऱ्याचं नाव, आवाज उत्तरेकडून, पायाला जाणवला, कुत्री गप्प. सांगणाऱ्यानं 'हाव' म्हटलं की नोंद पक्की. नाही म्हटलं तर तिथल्या तिथं खोडून दुरुस्त. एका म्हाताऱ्यानं आपलं कुत्रं भुंकलंच होतं असं सांगून दुपारपर्यंत वाद घातला आणि शेवटी ते कुत्रं वहीत भुंकलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. उन्हात तीन तास बसून लोक स्वतःचंच सांगणं ऐकत होते, इतकं मन लावून, की वर्गात माझं कोणी कधी तसं ऐकलं नाही. मला सरांचा हेवा वाटला होता.

मी गेलो होतो त्या गावात शेवंताबाई होती. सर तिला मावशी म्हणायचे. भूकंपात तिचा नवरा आणि धाकटी लेक घराच्या दगडी भिंतीखाली गेले. थोरला मुलगा मामाकडे गेला होता म्हणून राहिला. तिला स्वतःला दुपारी बाहेर काढलं. तिची नोंद वहीच्या पहिल्याच पानावर आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात धार काढताना तिला पायाखाली गुरगुर जाणवली. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, रोजचंच हाय, भाकरी टाक. तिनं भाकरी टाकल्या, सगळे जेवले आणि घरात झोपले.

दर चैत्रात वाचन संपलं की बाकीचे उठून जायचे आणि ती बसून राहायची. दरवर्षी तिचा एकच प्रश्न असायचा. मी गेलो होतो त्या वर्षी तो मीही ऐकला.

"सर, त्यो आवाज मला सांगत व्हता का? म्या त्यांला अंगणात निजवायला पायजे व्हतं का?"

सर म्हणाले, मावशी, ते कोणालाच कळलं नसतं. तिनं मान हलवली.

"तुमी माझं मन राखाया सांगून राहिले. मोठ्या लोकांनी तपासून छापलं की मंग वाचून दावा. मनानं सांगू नका."

कागदावर उतरलेल्यावरच विश्वास ठेवायचा हे त्या गावाला शिकवलं कोणी, तर सरांनीच. आता त्यांना बोलायला जागा नव्हती. छापून आलं की सगळ्यात आधी तुम्हाला वाचून दाखवीन, असा शब्द त्यांनी दिला. स्वतः निष्कर्ष काढायला ते तयार नव्हते. मी कारकून हाय, मी फक्त उतरवून घेतो, असं म्हणायचे. पंचवीस-तीस वर्षांच्या वह्या त्यांच्या घरी लोखंडी पलंगाखाली होत्या आणि त्यांतून एका बाईच्या प्रश्नाचं उत्तर काढणारं कोणीतरी येईल याची ते वाट बघत होते.

आणि खरंच एक जण आला. लांबच्या एका मोठ्या संस्थेतला शास्त्रज्ञ, तरुण, नम्र, मराठी न येणारा. तो शेवंताबाईच्या घरी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत हसला, सरांच्या घरी तर आठ दिवस जेवला. सरांनी सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स काढून त्याला दोन पोती भरून दिल्या. त्यानं मराठी जाणणारी मुलं हाताशी घेऊन दोन वर्षं काम केलं आणि कळवलं की यावर शोधनिबंध होतोय आणि लेखकांत तुमचंही नाव राहील. सर त्या दिवशी वर्गावर इस्त्रीचा शर्ट घालून आले. तसा शर्ट त्यांनी मुलीच्या लग्नातही घातला नव्हता.

सरांचा ईमेल मी सांभाळायचो, कारण त्यांना त्या प्रकाराचा कंटाळा होता. एक दिवस नियतकालिकाकडून पत्र आलं. निबंधाचा मसुदा अमुक ठिकाणी वाचता येईल, काही दिवसच तिथं राहील, आणि सोबतच्या कागदाला सर्व लेखकांनी संमती द्यावी. तो कागद लांबलचक होता. मी सरांना म्हटलं, छापून काढतो, एकदा वाचून घ्या. सरांना ते पटलं नाही. "पाहुणा आपल्या घरी आठ दिस जेवून गेला, मराठी. त्याचा कागद वाचून मग हाव म्हणायचं? बरं दिसत न्हाई ते."

आमच्याकडे हे असंच आहे. पंगतीला बसलेल्या माणसाकडे कागद मागायचा नाही, आणि त्यानं दिला तर वाचायचा नाही. मलाही ते बरोबरच वाटलं, शिवाय माझा तास होता. त्यांच्या नावानं संमतीचं बटण मी दाबलं. साध्या म्हाताऱ्याची कुत्र्याबद्दलची नोंदसुद्धा वाचून दाखवल्याशिवाय पक्की न करणाऱ्या माणसानं स्वतःची संमती अशी दिली, आणि आम्ही दोघं चहाला गेलो.

मग सर पोस्टाची वाट बघू लागले. त्यांच्या तरुणपणी लेख छापला की नियतकालिकवाले लेखकाला त्याच्या छापील प्रतींचा गठ्ठा टपालानं पाठवायचे. सरांनी गावोगाव प्रती वाटण्यासाठी चेनची नवी पिशवी आणली. पोस्टमनला रोज विचारून त्यांनी इतकं सतावलं की तो आमचं फाटक टाळून मागल्या बाजूनं जाऊ लागला. पावसाळा गेला, थंडी आली. शेवटी मीच संगणकावर शोधलं. निबंध केव्हाच, जूनमध्येच, आला होता. वर शीर्षक, खाली लेखकांची नावं, तिसरं नाव सरांचं. त्याखाली चार ओळींचा गोषवारा, त्यात गावकऱ्यांच्या नोंदींचं कौतुक, पण शेवंताबाईच्या प्रश्नाबद्दल अक्षर नाही. आणि त्याखाली एका कुलपाचं चित्र. पुढचं वाचायचं असेल तर इतके डॉलर भरा. सर बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. या कुलपाला बिजागऱ्या नव्हत्या.

मी तो संमतीचा कागद शोधून आता वाचला. निबंधाचे सगळे हक्क आम्ही छापणाऱ्या कंपनीला देऊन टाकले होते आणि छापलेल्या प्रती वाटणार नाही असंही कबूल केलं होतं. शास्त्रज्ञ तोवर नोकरी बदलून परदेशी गेला होता. त्याच्या जुन्या पत्त्यावरचा ईमेल परत आला, फोन बंद. मी म्हटलं, माझ्या पुतण्याचं कार्ड आहे, भरून टाकू. रक्कम म्हणाल तर एका सफारीच्या शिलाईइतकी होती. सर म्हणाले, गावानं सांगितलं, मी लिहिलं, आता मीच ते विकत घेऊ? आज मी घेतलं की उद्या साऱ्यांनी घ्यावं असा रिवाज पडतो. एका विद्यार्थ्यानं सांगितलं की एक साइट आहे, तिथं असलं सगळं फुकट मिळतं, फक्त ते कायदेशीर नाही. सरांनी त्याला शांतपणे वाटेला लावलं. आपलंच आहे ते चोरायचं कशाला, हा त्यांचा मुद्दा.

आणि सर लढाईला लागले. कंपनीच्या परदेशी पत्त्यावर त्यांनी पत्रांवर पत्रं धाडली, इंग्रजी मी करून द्यायचो. तिकडून एकदाच सभ्य उत्तर आलं. लेखकांनी अमुक रक्कम भरली तर निबंध साऱ्या जगाला खुला करता येईल. त्या रकमेत देवणीची चांगली बैलजोडी आली असती. त्याच सुमारास नांदेडला चर्चासत्र होतं, ज्ञान सर्वांना खुलं करण्याच्या धोरणावर. मी आणि सर गेलो. दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञांनी छान समजावलं: वाचणाऱ्यानं पैसे द्यायचे, नाहीतर लिहिणाऱ्यानं, नाहीतर सरकारनं साऱ्यांच्या वतीनं एकदाच वर्गणी भरायची, आणि ही तिसरी गोष्ट आता सुरू झालीय. आमचं कॉलेज त्या यादीत अजून नव्हतं. एका तरुण प्राध्यापकानं म्हटलं की तपासणं, सुधारणं, जपून ठेवणं याला खर्च येतो, सगळं फुकट म्हणणाऱ्यांनी तो कुठून आणायचा तेही सांगावं. ते खोटं नव्हतं. सर उठले. त्यांचा प्रश्न एवढाच होता की वाचणारे झाले, लिहिणारे झाले, सरकार झालं. ज्यांनी सांगितलं त्यांनी कुठं वाचायचं? मग तज्ज्ञ म्हणाले, फार महत्त्वाचा मुद्दा आहे, आम्ही त्याची नोंद घेतली. आणि जेवणाची सुट्टी झाली.

नांदेडहून परत येताना सर इतके खुशीत होते की त्यांनी सोनखेडला आग्रहानं मला उसाचा रस पाजला. नोंद घेतली म्हणाले, हे वाक्य त्यांनी लातूर येईपर्यंत किती वेळा म्हटलं कोण जाणे. नोंद हा शब्द त्यांच्या लेखी फार मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून ते धोरणात घालायचं कलम लिहायला बसले. माहिती सांगणाऱ्याला, त्याच्या भाषेत, त्याच्या गावात, छापलेलं वाचायला मिळालंच पाहिजे. कलमाचा मसुदा अकरा पानांचा झाला. मी त्याचं शुद्धलेखन तपासलं, थट्टाही केली, आणि मनातून मला तो फार आवडला.

त्या चैत्रात सर पहिल्यांदाच वाचनाला गेले नाहीत. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाले. शेवंताबाईचं तोवर उठणं-बसणं कमी झालं होतं. तिच्या मुलाचा फोन यायचा, आई विचारतीय, छापून आलं का. सर सांगायचे, "आलंय. पर कुलपात हाय. काढून राहिलो." हे कुलपाचं बोलणं त्या घराला समजावं कसं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पुतण्याचं कार्ड होतं, बटणं दाबण्यात मी तरबेज होतो, सरांना न विचारता दहा मिनिटांत काम झालं असतं. पण मी सरांच्या लढाईच्या इतका प्रेमात पडलो होतो की मला ते सुचलंसुद्धा नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते जात नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी स्टाफरूममध्ये सरांचा फोन वाजला. सवयीनं आम्ही बोलणं थांबवलं. सरांनी चारांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं 'हाव' म्हणाले, 'कवा' म्हणाले, आणि फोन टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. शेवंताबाई गेली होती.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले. "मराठी," ते म्हणाले, "ते घेऊन टाका." वर्षभर ज्यासाठी भांडले त्याबद्दल बाकी काही बोलले नाहीत. मी पुतण्याला फोन केला. पाच मिनिटांत निबंध आला आणि आमच्या खोकणाऱ्या प्रिंटरमधून पान-पान बाहेर पडला. शब्दकोश घेऊन आम्ही दोघं बसलो. शेवटून दुसऱ्या पानावर ते होतं. भूकंपाआधी कित्येक महिने असे आवाज येत होते. नंतर कित्येक वर्षं येत राहिले, आणि त्यांच्यामागून काहीच झालं नाही, हे गावकऱ्यांच्याच नोंदींवरून दिसतं. म्हणून आदल्या दिवशीच्या आवाजाला इशारा मानता येत नाही. त्यावरून तो दिवस गावकऱ्यालाच काय, शास्त्रज्ञालाही ओळखता आला नसता. सरांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

तेराव्याला आम्ही जीपनं गेलो. पाहुणे पांगल्यावर सर तिच्या मुलासमोर बसले. तो पन्नाशीला आलेला, डोकं नुकतं भादरलेलं. सरांनी ते सगळं मराठीत करून आणलं होतं. नेहमीसारखं स्वच्छ, सावकाश, मोठ्यानं वाचलं. सून दाराआड उभी राहून ऐकत होती, ती मध्येच पदर तोंडाला लावून आत गेली. मुलानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं:

"हे छापून कवा आलं, सर?"

अलीकडेच, असं म्हणता आलं असतं. मी तर मनातून तेच म्हणत होतो. पण तारीख बदलून सांगणं सरांच्या जिभेला येत नव्हतं.

"मागल्या वर्षीच्या जूनात."

तो जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "मंग तवा आई होती की," तो म्हणाला.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. एक बेरीज त्याला जुळली नव्हती, ती त्यानं सांगितली. मग त्यानं विचारलं, हे कागद ठेवून घेतले तर चालतील का, का परत न्यायचे असतात? सरांनी निबंध आणि भाषांतर दोन्ही त्याच्या हातात दिलं. त्यानं ते देवाच्या फळीवर, आईच्या फोटोच्या मागं सारून ठेवलं.

परतीची जीप मिळायला वेळ होता. रस्त्याच्या कडेला तुरीच्या रानाजवळ आम्ही उभे राहिलो. सर म्हणाले, "वर्षभर भांडून राहिलो, मराठी. भांडण काही खोटं नव्हतं." मी म्हटलं, नव्हतंच. "पर ती कुठं भांडून राहिली होती? ती नुसती वाट बघत होती."

मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही एकटेच चुकला नाहीत, मी शेजारीच होतो, मला साधं कार्ड वापरता आलं असतं. शब्द तयार होते. पण सर इतके थकलेले दिसत होते की माझ्या अपराधाची भर त्यांच्यावर घालावी असं वाटेना. जीप आली, भरलेली होती. आत एकाच माणसापुरती जागा होती. सरांनी मला आत बसवलं आणि स्वतः मागं लोंबकळत, दांडीला धरून, लातूरपर्यंत उभे राहिले. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते आणि मी सारा रस्ता मान वळवून बघत होतो, हा माणूस नीट धरून उभा आहे ना.